कोयत्याचं रील

पोलादपूर ते कुडपण जीप चालवणारा किशोर तसा अबोल. घाटात समोरून गाडी आली की मागे घेणार नेहमी हाच. फोनवरचा किशोर मात्र निराळा: काळा गॉगल, जीपच्या टपावर उभा, हातात कोयता, आणि खाली ओळ, ‘नडला की तोडला’. नऊ हजार लोकांनी ते रील पाहिलं होतं.

एका रविवारी तो आईला, ठमाबाईला, घेऊन महाडला मुलगी बघायला गेला. मुलगी सारिका, दवाखान्यात नर्स. पोहे झाले, बोलणी जमत आली, आणि तिच्या पांडूमामांनी फोन सगळ्यांच्या मधोमध ठेवून ते रील लावलं.

ठमाबाईने ते कधी पाहिलंच नव्हतं. ती फोनवर वाकली.

“ह्यो तूच ना रे?” मामांनी विचारलं.

“हो.”

“आन् तुला भाची देऊ? उद्या हिच्यावर उगारशील!”

“आवो, कोयता गवत कापायचा हाय,” ठमाबाई कळवळली. “माझा पोर कोंबडी कापताना पन बघत नाय.”

किशोरची कानशिलं तापली. “मामा, आत्ता काढून टाकतो,” म्हणत त्याने घाईघाईने स्वतःचा फोन बाहेर काढला.

“थांबा,” सारिका पहिल्यांदाच बोलली. “टाकलं का, ते सांगा.”

‘गंमत म्हणून’ एवढं म्हटलं असतं तर तो सुटला असता. पण ती टक लावून बघत होती.

“स्टँडवर माझा नंबर असला तरी दुसरे गाडी पुढं घालायचे. या रीलनंतर कुनी घातली नाय. लोक घाबराया लागले.” त्याने फोन खाली ठेवला. “आन् मला ते आवडलं.”

“ऐकलंस ना गो?” मामा उठून उभे राहिले.

“ऐकलं. खरं बोलले ते.” मग ती किशोरकडे वळली. “पण घाबरवायला आवडलं म्हणालात, त्याचीच मला भीती वाटते. आज होकार देता येणार नाही.”

परतताना जीपमध्ये ठमाबाई एवढंच म्हणाली, “खोटं बोलला असतास तर जमलं असतं.”

घरी पोचताच त्याने रील काढून टाकलं. पण ते कितीतरी फोनांत साठवलेलं होतं. पुढची दोन स्थळं तर बघायला या म्हणायच्या आधीच फिरली.

दिवाळीनंतर एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. सारिका होती.

“हा होकार नाही,” ती आधीच म्हणाली. “पण मला अजून विचारायचंय. बोलाल?”

किशोरने जीप रस्त्याच्या कडेला घेतली. “विचारा,” तो म्हणाला.