रेडिओवरची राणी

कार्डिफमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या ग्वेन आजी गेल्या, हे त्यांच्या पुतणीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी कांदा चिरत होते. "झोपेतच गेली," ती म्हणाली. मी नुसतंच "हो का..." म्हटलं, आणि मग कांद्याच्या नावावर भरपूर रडून घेतलं. महिना होत आला, अजून त्या नाहीत याची सवय होत नाही.

त्यांचे वडील पश्चिम आफ्रिकेतून बोटीवर खलाशी म्हणून आले आणि इथल्या गोदीजवळच राहिले. लेक नटी झाली. काळ्या वर्णाची मुलगी आणि नटी, त्या काळात! सिनेमात काम मिळायचं ते मोलकरणीचं. ट्रे आणायचा, मालकिणीपुढे ठेवायचा, निघून जायचं. तोंडी एक शब्द नाही. रेडिओवर चेहरा दिसत नाही, म्हणून तिथे मात्र त्या खुशाल सरदारांच्या बायका व्हायच्या, राण्या व्हायच्या. कागद उलटल्याचा आवाज माइकमध्ये जातो, म्हणून वाचून झालेलं पान अलगद खाली सोडायचं, हे त्यांनी माझ्या लेकीला शिकवलं. तेव्हापासून आमच्याकडे होमवर्क कायम जमिनीवर!

एकदा एक चाहता फुलं घेऊन स्टुडिओच्या दाराशी उभा होता. ग्वेन आजी बाहेर आल्या, तर त्यानं त्यांनाच विचारलं, "राणीचं काम करणाऱ्या बाई निघाल्या का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी संतापून विचारलं.

"म्हटलं, मागच्या दारानं गेल्या... एकदा, फक्त एकदा, लोकांनी माझ्या तोंडाकडे बघत राणीचं ते भाषण ऐकायला हवं होतं गं."

मी ते मनावर घेतलं. मराठी मंडळाच्या दिवाळीत ग्वेन आजी राणीचं भाषण करणार, असं ठरवूनच टाकलं. त्यांचं पाठांतर भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. आणि आमच्या मंडळानं काय करावं? शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ! अध्यक्ष माइकला चिकटले ते सुटेनात. ते आजींच्या थोरवीवर बोलतायत आणि आजी मांडीवर नारळ धरून गप्प... म्हणजे पुन्हा सिनेमाच की! शेवटी अध्यक्ष म्हणाले, "चला, जेवण गार होतंय." लोक उठलेच. खुर्च्या सरकल्या, ताटं वाजायला लागली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी तरातरा स्टेजवर गेले, तेवढ्यात आजींनी नारळ माझ्या हातात दिला आणि त्या उभ्या राहिल्या.

माइक मागितलाच नाही. राज्य हरलेली राणी आपल्या सैनिकांना निरोप देते, ते भाषण. जेवणाची रांग जागच्या जागी थांबली, वाढणाऱ्या बायका डाव हातात घेऊनच पुढे आल्या. नव्वदीतला आवाज... कुठून आणला, देव जाणे!

भाषण संपलं तेव्हा रांगेत पहिले होते मुलाकडे राहायला आलेले साताऱ्याचे एक आजोबा. इंग्रजीचा गंध नाही. आपलं ताट आजींपुढे धरून, मान झुकवून म्हणाले, "राणीसाहेब, आधी तुम्ही." मी भाषांतर करायला लागले, तर ग्वेन आजींनी हातानंच थांबवलं. "कळलं मला."

अंत्यविधीसाठी पुतणीला फोटो हवा होता. तिच्याकडचे सगळे सिनेमातले, ट्रे घेतलेले. मी त्या संध्याकाळचा पाठवला, चर्चमध्ये तोच लावला. त्यातही आजींच्या हातात ताट आहे, पण स्वतःच्या जेवणाचं. आणि त्या काहीतरी बोलतायत.