मल्लिनाथनं अर्धं सोडलेलं वाक्य

आमची कंपनी तेव्हा उत्तरेकडच्या बर्फात होती. मी हवालदार, कंपनी मुख्यालयात टेलिफोनवर. वरच्या धारेवर तीन पोस्ट, प्रत्येकीवर पाच जण, सगळ्यांना जोडणारी एकच तार. सर्वांत उंच पोस्टचा कमांडर नायक मल्लिनाथ. तो मैंदर्गीचा, मी मंद्रूपचा. भरतीला एकाच रांगेत उभे होतो, तेव्हापासूनची दोस्ती.

सुट्टीवरून परतताना आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणायचो. तो पुस्तकं आणायचा. घरी कन्नड बोलणारा हा माणूस मराठी आमच्यापेक्षा चांगलं वाचायचा. बर्फानं वाट बंद झाली की दुपारी अर्धा तास तो फोनवर कादंबरी वाचे. मेजरसाहेबांची परवानगी होती. अट एकच, कामाचा कॉल आला की वाचन बंद. रिसीव्हर रिकाम्या डब्यात ठेवला की आवाज पाचांना पुरायचा.

वाचनानंतर वाद. नायिकेनं नोकरीसाठी शहरात जावं का?

"जावं की! मग शिकली कशाला?" मल्लिनाथ म्हणायचा.

"तुला काय कळतंय? आधी तुझं लगीन हू दे!" मधल्या पोस्टवरून नायक तानाजी.

ज्यांनी शाळेनंतर पुस्तक हातात धरलं नव्हतं, ते त्याच्याकडे शिकू लागले. त्या वर्षी बढतीची शिक्षण-परीक्षा दिलेले आमचे सहाही जण पास झाले.

त्याची एक सवय होती. चहा उतू गेला तरी वाक्य पुरं केल्याशिवाय थांबायचा नाही.

एका दुपारी वारा फार होता. "तिनं दाराची कडी काढली आणि..." एवढं वाचून तो थांबला. नुसती खरखर.

"पानं चिकटली काय रं?" तानाजी हसला.

मी घंटी दिली. उत्तर नाही. तार शाबूत होती. मी साहेबांना रिपोर्ट केला.

"हवा बघायला बाहेर गेला असेल."

"सर, तो वाक्य अर्धं सोडत नाही."

"या हवेत माणसं वर पाठवायची. चुकलास तर तीही जातील. खात्री आहे?"

"आहे, सर."

साहेबांनी रिसीव्हर घेतला. "तानाजी, चार माणसं, दोर, फावडी. वर चढ. आत्ता."

"निघालो, सर." तो आता हसत नव्हता.

वरची पोस्ट बर्फाखाली गेली होती. छत करकरलं तसं मल्लिनाथनं रिसीव्हर टाकला आणि चौघांना मागच्या दगडी खोलीत ढकललं. ते चौघे जिवंत निघाले. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर एकही निघाला नसता. मल्लिनाथ दारातच सापडला.

तिरंग्यातली पेटी घेऊन मैंदर्गीला मी गेलो. त्याच्या वडिलांनी विचारलं, "शेवटाला काय करत हुता त्यो?"

"पुस्तक वाचून दाखवत होता, अप्पा. वाक्य अर्धं राहिलं, त्यावरून आम्हाला कळलं. चौघे जगले."

"चौघं कुटली?"

मी गावं सांगितली. दोन साताऱ्याकडची, एक बीडचं, एक मोहोळजवळचं. अप्पांनी अंगणातल्या लोकांकडे वळून ती चारही गावं कन्नडमध्ये, मोठ्यानं सांगितली. मग पेटीवर हात ठेवून मला म्हणाले,

"शाळंत घातलं, ते बरं केलं म्या."