बाहेरच्या फोनचं कुलूप

सोमवारी सकाळी आमच्या कॉलनीतला रस्ता काँक्रीटसाठी खोदायला घेतला आणि अकराच्या सुमारास जेसीबीने इंटरनेटची केबल तोडली. केबलवाला येऊन बघून गेला. म्हणाला, "आठ दिवस धरून चाला." माझी मुलाखत गुरुवारी होती.

द्राक्ष बागायतदारांना फोनवरून सल्ला देणारी एक कंपनी होती, तिथली ही मुलाखत. मी शेती विषयातली पदवीधर. लग्नाआधी दोन वर्षं निफाडकडच्या बागांमधून फिरून काम केलेलं. पुढे मुलं, सासऱ्यांचं आजारपण, नवऱ्याची इगतपुरीला रेल्वेतली नोकरी, असं करता करता एकोणीस वर्षं गेली. अर्ज मी कुणाला न सांगता केला होता. बोलावणं आलं तेव्हा नवरा म्हणाला, "दे की. पण नाही झालं तर मनाला लावून घेऊ नकोस." हेतू चांगलाच होता. तरी ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

मुलाखत लॅपटॉपवरूनच द्यायची होती. पानांवरच्या रोगांचे फोटो समोर येणार आणि त्यावर तिथल्या तिथे लिहायचं. फोनवर ते पान उघडत नव्हतं. म्हटलं, हरकत नाही, फोनचं नेट लॅपटॉपला देऊ. फोन नणंदेने दिलेला. ती अमेरिकेत असते. मागच्या खेपेला आली तेव्हा तिचा वापरलेला फोन मला ठेवून गेली. माझं इथलं सिम त्यात छान चालत होतं. हॉटस्पॉट मात्र मी पहिल्यांदाच सुरू केला, आणि पडद्यावर इंग्रजीत पाटी आली: या सेवेची तुम्हाला परवानगी नाही, आपल्या कंपनीशी संपर्क साधा. खाली तिकडच्या कंपनीचा नंबर.

आधी मी इथल्या सिमच्या कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमच्या प्लॅनमध्ये हॉटस्पॉटला बंदी नाही. आमच्याकडून काहीच अडवलेलं नाही."

"मग अडवलंय कुणी?"

"तुमचा हँडसेट इंडियाचा नाही ना, मॅडम."

मंगळवारी एम. जी. रोडवरच्या मोबाईलच्या दुकानात गेले. दुकानदाराने फोन उलटापालटा करून पाहिला. "बाहेरचा पीस आहे. तिकडे हॉटस्पॉटचे वेगळे पैसे घेतात, म्हणून कंपनी आतूनच कुलूप घालते. इथे आणला तरी ते कुलूप राहतं. ताई, हा द्या आणि इथला घ्या." असं म्हणत त्याने काउंटरवर दोन नवे खोके मांडलेसुद्धा. मी म्हटलं, कुलूप आहे तर ते उघडतही असेल. तो हसला. "ते तुमचं काम नाही, ताई."

तो हे वाईट भावनेने म्हणाला नसेल. पण बसस्टॉपपर्यंत चालत येताना मला राग चढत गेला. फोन माझ्या हातात, सिम माझ्या नावावर, नेटचे पैसे मी भरलेले, टॉवर आमच्या गच्चीवरून दिसतो. आणि माझ्याच लॅपटॉपला ते नेट द्यायचं की नाही हे ठरवणार सातासमुद्रापलीकडची कंपनी, जिला मी ओळखत नाही आणि जी मला ओळखत नाही.

घरी आल्यावर शेजारच्या भाभींनी त्यांचा फोन देऊ केला. त्यांचं शिवणकाम सगळं फोनवरच्या ऑर्डरींवर चालतं. गुरुवारी सकाळभर त्यांना फोनशिवाय बसवायचं मला पटेना. "अगदीच नाही झालं तर मागेन," म्हटलं. खरं सांगायचं तर मी आता हट्टाला पेटले होते.

सासूबाई निफाडच्या. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "लेकीनं त्यो फोन पैसे देऊन घेतला व्हता का चोरून आनला व्हता?"

"पैसे देऊन, आई."

"मंग तिचा झाला. तिनं तुला दिला, तुझा झाला. त्यात इचारायचं काय हाय? बस उघडीत. सैपाकाचं मी बघते."

बुधवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आणि फोन घेऊन बसले. आधी ब्लूटूथ करून पाहिलं, मग केबल लावून, तीच पाटी. मग फोनवरच शोधायला लागले. जगभरातले लोक याच कुलपाशी झगडलेले होते. कुणी ब्राझीलचा, कुणी फिलिपिन्सचा. सगळ्यांची हकिकत माझीच. त्यातून एक मार्ग वारंवार दिसत होता. फोनच्या माहितीत जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा बोट टेकवायचं. टेकवलं. फोन म्हणाला, आता तुम्ही डेव्हलपर झालात. मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "लय चांगलं," आणि भाकरी उलटली.

पुढे लॅपटॉपवर एक छोटं सॉफ्टवेअर हवं होतं, आणि लॅपटॉपला तर नेटच नव्हतं. अर्धा तास मी तशीच बसून राहिले. मग लक्षात आलं, नेट नसलं तरी केबलमधून फाइल जाते. फोनवर उतरवून घेतलं, केबलने लॅपटॉपवर टाकलं. एका ओळीची आज्ञा अक्षर अन् अक्षर तपासून टाइप केली. काही झालं नाही. पुन्हा वाचलं, तर सिमच्या सेटिंगमध्ये आणखी तीन अक्षरं जोडायची राहिली होती. तिथला रकाना बंद होता, म्हणून नवीन सेटिंग तयार केलं. त्यात भरायचं नेटवर्कचं नाव इथल्या सिमच्या कंपनीला परत फोन करून विचारून घेतलं. तिथल्या मुलीने स्पेलिंग दोनदा सांगितलं. फोन बंद करून सुरू केला. हॉटस्पॉटवर बोट ठेवलं.

पाटी आली नाही. लॅपटॉपच्या कोपऱ्यात माझ्या फोनचं नाव उमटलं.

नवऱ्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "मला जमलं नसतं." तेवढं मला पुरलं.

गुरुवारी समोर तिघे होते. आवाज दोनदा तुटला, पण निभावलं. डावणी आणि भुरी या रोगांचे फोटो मी लगेच ओळखले. एका पानावर चुकले आणि चूक तिथेच कबूल केली. मग त्यांच्यातल्या बाईंनी विचारलं, "एकोणीस वर्षं तुम्ही या कामाच्या बाहेर आहात. आता सगळं बदललंय. नवी औषधं, नवी ॲप्स. जमेल?"

"काल दुपारपर्यंत माझ्याकडे तुमच्याशी बोलायला नेट नव्हतं," मी म्हणाले. "जे आडवं आलं ते मी वाचून, करून बाजूला केलं. औषधांचंही तसंच करीन. आणि बागेतला माणूस फोनवर घाबरलेला असतो तेव्हा त्याच्याशी कसं बोलायचं, ते काही बदललेलं नाही."

पंधरा दिवसांनी काम मिळाल्याचं पत्र आलं. आधी सहा महिन्यांची मुदत होती, ती पुढे वाढली.

मध्ये फोनला नवं अपडेट आलं आणि कुलूप परत बसलं. यावेळी मला वीस मिनिटं लागली. नंतर भाभी त्यांच्या भावाने दुबईहून पाठवलेला फोन घेऊन आल्या, अशीच अडचण. त्याचं कुलूप वेगळं निघालं, दोन दुपारी गेल्या आणि अजून उघडलेलं नाही. भाभी म्हणतात, "रहने दो, तुमचा वेळ जातो." मी त्यांना रविवारी दुपारी परत यायला सांगितलं आहे.