डोळ्यांवरची पट्टी

जहाजावर पहिल्यांदा निघालो, त्याच्या आदल्या दिवशी जोहे गावात मावशीचा निरोप घेऊन पेणच्या एसटीची वाट बघत होतो. पाण्याच्या धास्तीने आठवडाभर धड जेवलो नव्हतो. समोरच्या गणपतीच्या कारखान्यात एक म्हातारा बोटीने परदेशी जाणाऱ्या मूर्ती खोक्यांत भरत होता. कमरेवर हात ठेवून कण्हत उठायचा, पेंढा कोंबायचा, पुन्हा बसायचा. प्रत्येक मूर्तीच्या डोळ्यांवर मात्र तो आधी मऊ कापडाची पट्टी बांधायचा.

"रंग पुसू नये म्हणून का?" मी विचारलं.

"रंगाला काय नाय होत. पन याला शेवटी पाण्यातच विरघळायचा हाय. महिनाभर तेच पाणी बघत कसा जाईल तो?"

"मीपण उद्या जहाजावर चाललोय बाबा. नऊ महिने."

त्याने दमलेल्या नजरेने माझ्याकडे पाहिलं. कापडाची एक पट्टी फाडून माझ्या हातात दिली आणि पुढचं खोकं ओढलं.

बावीस वर्षं समुद्रावर काढली. भीती काही गेली नाही. पट्टी कधी बांधली नाही, पण दरवेळी बॅगेत पहिली तीच ठेवायचो. देवाला जिची गरज लागते, तिची मला कसली लाज?