अव्वानं विटाळ मानला नाही

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. आम्ही मुरुमला राहायचो, घर लिंगायताचं, प्रत्येकाच्या गळ्यात इष्टलिंग. आईला आम्ही अव्वा म्हणायचो, वडिलांना अप्पा. मला तेव्हा तेरावं लागलं होतं.

एका सकाळी आडावरून घागर घेऊन आले आणि परकराला डाग दिसला. मी घाबरले. शेजारच्या घरातली माझी मैत्रीण महिन्यातले चार दिवस गोठ्याशेजारी वेगळी बसायची. ताट लांबून सरकवलेलं, पाणी वरून ओतलेलं. ते मी दर महिन्याला बघत होते. मीही गुपचूप जाऊन आमच्या गोठ्यात बसले.

अव्वा हाका मारत आली. "हितं का बसलीस गं?"

"मला शिवू नगंस अव्वा," मी रडत म्हणाले.

तिला सगळं कळलं. तिनं सरळ माझं मनगट धरलं आणि घरात आणलं. आंघोळ घातली, जुन्या लुगड्याच्या घड्या कशा घ्यायच्या ते दाखवलं. मग म्हणाली, "आता बस पूजेला."

"आज?"

"आजच. गळ्यातलं लिंग काय काढून ठिवायचं हाय व्हय? आपल्यात विटाळ न्हाय बाई. शाणी झालीस, लाजायचं कशाला?"

मी लिंग तळहातावर घेतलं, भस्म लावलं. पूजेत चुकलं काही नाही.

पाचव्या दिवशी मला हिरवं लुगडं नेसवून ओटी भरली. बायका जमल्या होत्या. शेजारची काकू उंबऱ्याबाहेरच उभी राहून म्हणाली, "चारी दिवस घरभर फिरवली म्हनं पोरीला. सगळं शिवलं की!"

तेवढ्यात अप्पा बाजारातून आले. त्यांनी ते ऐकलं असणार. एरवी ते पाणी अव्वाकडं मागायचे. त्या दिवशी सगळ्यांसमोर माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, तांब्या आण."

मी आणला. अप्पा उभ्या उभ्या अख्खा तांब्या प्यायले आणि आत गेले. अव्वानं पदर डोळ्याला लावला. मला वाटलं, मी वीतभर उंच झाले.

काकू महिनाभर आमच्याकडं फिरकली नाही. मग एक दिवस ताक मागायला आली. अव्वा शेतात गेली होती. मी नेमकी तेव्हा पाळीतच होते, आणि तसं सांगितलंही. काकू जराशी घुटमळली. मग तिनं भांडं पुढं केलं आणि म्हणाली, "वाढ, पर माझ्या सासूला सांगू नगंस."