डावी काच

डोळ्यांच्या दवाखान्यात समोरच्या बाकावर एक गृहस्थ चष्म्याची डावी काच सदऱ्याने पुसत होते. पुन्हा पुन्हा पुसत होते.

"काल सकाळी डाव्या डोळ्यापुढे एकदम अंधार आला," त्यांची बायको मला म्हणाली. "उष्णता असेल म्हणून गुलाबपाण्याच्या घड्या ठेवल्या. दुखत नव्हतं हो काही! डॉक्टर म्हणतात, पडद्याची रक्तवाहिनी बंद झाली. तेव्हाच आणलं असतं तर काही प्रयत्न तरी केला असता. आता तिकडेही असंच काही व्हायला नको म्हणून हृदय, मेंदू तपासायला पाठवतायत."

आपलं असंच आहे. दुखलं की धावतो. जे न दुखता जातं, त्याची मात्र घरी बसून वाट पाहतो.

आतून हाक आली. बाईंनी चष्मा घेतला, पदराने दोन्ही काचा पुसल्या, डावी जरा जास्तच, आणि त्यांना घातला.