न ऐकलेलं हवामान

माझ्या बायकोला माझं सगळं ठाऊक आहे—एवढं एक सोडून. दादाला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतो. मध्येच अडखळलो तर अडखळू द्या.

आमची मेंढरं होती. दिवाळी झाली की वडूजकडचं कोरडं रान सोडायचं आणि पाटणच्या डोंगरात हिंडायचं, हा आमचा रिवाज. कॉलेज अर्ध्यावर टाकून मीही त्या वर्षी दादा-वहिनीबरोबर निघालो. डोंगरात मोबाइलला रेंज नसायची, चार्जिंगला वीज नसायची. म्हणून कराडच्या बाजारातून मी खिशात मावणारा एक स्वस्तातला रेडिओ घेतला. पेन्सिल सेलवरचा. एफएम, मिडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्हचे बरेच पट्टे. दादाला त्याचं काम एकच—संध्याकाळच्या बातम्यांत हवामान काय सांगतात. ते ऐकून सांगायची जबाबदारी माझी.

आणि मला? मला शॉर्टवेव्हचं वेड लागलं. ऊन उतरायचं, मेंढरं कोंडाळं करून बसायची, आणि मी एरियल ओढून काटा हळूहळू सरकवायचो. खरखर, खरखर... मग कुठूनशी एक बाई गायची. कुठल्या देशातली, कुठल्या भाषेत—काही कळायचं नाही. आवाज जवळ यायचा, लांब जायचा, नदीपलीकडून कुणी हाक मारावी तसा. मी तिला चेहरा दिला होता, घर दिलं होतं, अंगणही दिलं होतं. वेडेपणाच की! पण फार सुखाचा होता.

फाल्गुन होता. मेंढरं कातरायला आली होती. कातरणं एकट्याचं काम नाही. शेजारच्या कळपांतली माणसं बोलवावी लागतात, आणि पुढचे काही दिवस आभाळ कोरडं लागतं. लोकर उतरलेल्या मेंढराला गार पाऊस सोसत नाही. हे आमच्यात शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळत नव्हतं, असं कोणत्या तोंडानं म्हणू?

त्या संध्याकाळी ती बाई गात होती. एवढं गाणं संपू दे, मग लावतो—असं म्हणत राहिलो. लावलं तेव्हा बातम्या संपून भजन सुरू झालं होतं.

तेवढ्यात दादा आला. "आभाळाचं काय म्हनलं रं?"

ऐकायचं राहिलं, असं सांगितलं असतं तर काय झालं असतं? दोन शिव्या. एवढंच ना? पण माझ्या तोंडून निघालं, "मोकळं हाय म्हनं. चार दिस काय न्हाई."

"मला वारं जरा कोंदल्यागत वाटतंय," दादा म्हणाला. मग माझ्या पाठीवर थाप मारून हसला. "पर तू ऐकलंयस म्हंजी झालं. सांगतो मानसांस्नी, उद्या कातरू."

दुसऱ्या दिवशी कातरलं. त्यानंतरच्या दुपारी अंधारून आलं. पाऊस, वारं, गारा. उघड्या माळावर एवढी मेंढरं नेणार कुठं? वहिनीनं घोंगडी, पोती, स्वतःची लुगडी—मिळेल ते त्यांच्या अंगावर टाकलं. गाभण मेंढ्या थरथरत गुडघ्यांवर बसल्या त्या उठल्याच नाहीत. निम्म्याहून जास्त कळप गेला. एका मेंढीचं तोंड मांडीवर घेऊन दादा तिला नावानं हाका मारत होता.

शेजारच्या कळपांतली म्हातारी माणसं जमली. "आभाळ न बघता घाई कशापायी केलीस?" दादानं माझ्याकडे बोट दाखवलं नाही. रेडिओवाल्यांचं चुकलं, ह्या पोराचा काय दोष—असंच त्याला वाटलं असणार. "माजीच नजर फसली," म्हणाला. मी तिथंच उभा होतो. चोराच्या मनात चांदणं. कुणी नुसतं पाहिलं तरी मी वाकून भिजलेली पोती गोळा करायला लागायचो. पण कुणी विचारलं नाही, आणि मी बोललो नाही.

उरलेली मेंढरं त्यानं विकली. आता सांगलीत विश्रामबागेत एका इमारतीचा वॉचमन आहे. मी मलकापुरात मोबाइल दुरुस्त करतो, बरं चाललंय. ते गाणं मला अजून आठवतं, आणि लाज याची वाटते की अजून गोड लागतं.

परवा पुतणीच्या साखरपुड्यात पाहुण्यांनी सहज विचारलं, मेंढरं का सोडलीत? दादा हसला. "मला आभाळ कळत न्हाई, पाव्हनं."

वहिनीनं मान खाली घातली. मी पंगतीत जिलेबी वाढत होतो. वाढत राहिलो.